कुणाचं रोजचं?

सप्रेम नमस्कार,

मी ग्वाल्हेरची. लश्कर भागात, चिटनीस की गोठजवळ आमचं जुनं घर आहे. वय ४४, शाळेत शिकवते. घरी सासरे (वय ७५, आम्ही त्यांना आबा म्हणतो), नवरा आणि दहावीतला मुलगा. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून आबांचा टीव्ही सकाळी लागतो तो रात्रीच बंद होतो. बातम्यांत गेली दोन-तीन वर्षं युद्धच युद्ध.

मागच्या आठवड्यात आम्ही रात्री जेवत होतो. पडद्यावर एक बाप पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं लहान मूल छातीशी धरून उभा होता. मी त्याच्याकडेच बघत होते, आणि बघता बघता नवऱ्याला विचारलं, "वरणात मीठ कमी झालंय का हो?" तो म्हणाला, "नाही, ठीक आहे." मुलानं पोळी मागितली, मी वाढली. रात्री दोन वाजता जाग आली आणि ते सगळं आठवलं. त्या बापाचा चेहरा आठवेना. तो कुठल्या देशातला होता तेही आठवेना. मीठ तेवढं आठवत होतं.

सकाळी मुलाला विचारलं, काल ते बघून तुला काही वाटलं का? तो म्हणाला, "आई, ते रोजचंच आहे." मोबाइलवर असं काही आलं की तो अंगठ्यानं पुढे सरकवतो, मी पाहिलंय.

आणि गेल्या वर्षी मे महिन्यात आपल्याकडे ब्लॅकआउटचा सराव झाला, सायरन वाजला, तेव्हा मी देवघरात बसून रडले होते. म्हणजे मला फक्त स्वतःपुरतंच रडू येतं का? मी निबर झालेय का? टीव्ही बंद करून टाकू? की मुलाला समोर बसवून बघायला लावू, म्हणजे त्याला काहीतरी वाटेल?

— एक आई, लश्कर

उत्तर

नमस्कार.

महाराजपुऱ्याकडे, हवाई तळाजवळ, माझी एक मावसबहीण राहते. तिच्याकडे पुण्याहून पाहुणे आले की पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी हातून चहा सांडतो. डोक्यावरून लढाऊ विमान जातं, पाहुणा दचकतो. बहीण मात्र बोलता बोलता थांबते, आवाज जाऊ देते, आणि जिथं थांबली होती तिथून वाक्य पुढे नेते. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटेही तिनं विमानं ऐकली आणि कूस बदलली. बालाकोटला गेलेली मिराज आपल्याच तळावरून उडाली होती, हे तिला सकाळी बातम्यांतून कळलं. तिचे कान चांगले आहेत. जो आवाज रोज येतो आणि ज्यावर आपण काहीच करायचं नसतं, त्याला दचकणं शरीर सोडून देतं. तसं नसतं तर तळाच्या आसपास कुणाला संसारच करता आला नसता.

तुमच्या बाबतीत जे झालं त्याचा पहिला अर्धा भाग हा आहे. पण एवढ्यावर तुमची समजूत घालून मी थांबणार नाही, कारण तुम्ही समजूत मागितलेली नाही. विमानाचा आवाज हा आवाजच असतो. तुमच्या पडद्यावर माणूस होता. माणूस दिसत असताना तो आपल्याला आवाजासारखा का वाटू लागतो, हे विचारायला हवं. आणि त्याचं उत्तर सगळं तुमच्या मनात सापडणार नाही. बरंचसं त्या पडद्यात आहे.

तुम्ही लिहिलंय की तो बाप कुठल्या देशातला होता ते आठवत नाही. पत्र वाचताना मी तिथेच थांबले. ते तुम्ही विसरला असाल असं मला वाटत नाही. बहुधा ते तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. दहा-पंधरा सेकंदांचं दृश्य, खाली लाल पट्टी, वर दुसरीच बातमी, मागे संगीत, आणि लगेच चौकटीत चार-सहा माणसं भांडायला हजर. तो बाप काल काय करत होता, मुलाचं नाव काय, आज तो कुठं झोपला, यातलं काहीच नाही. ज्याला नाव नाही, गाव नाही, आदला दिवस नाही आणि दुसरा दिवस नाही, असा माणूस लक्षात राहायचा कसा?

आपल्या मराठी माणसांना हे नवं नाही. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती जे सावकारी पत्र पडलं, त्यातला मजकूर आपण शाळेत घोकलेला आहे: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. शत्रूच्या हाती पत्र लागलं तर कळू नये म्हणून ती सांकेतिक भाषा होती, हे मला माहीत आहे. तरी ग्वाल्हेरात वाढलेल्या माणसाला तो खुर्दा बोचतो. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, त्यांच्यासाठी आपण अजून हळहळतो. १४ जानेवारी १७६१ ला खुर्द्यात गेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येईल का? त्यांच्याही घरी कुणी वाट बघत होतं. आपल्याला मोती दिसतात आणि खुर्दा दिसत नाही, कारण मोत्यांची गोष्ट आपल्याला कुणीतरी सांगितली.

हे आता प्रयोगानंही दाखवलं गेलं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांच्या हातात पाच डॉलर दिले आणि आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी त्यातून काही द्याल का, असं विचारलं. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं. त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना लाखो भुकेल्या माणसांचे आकडे दिले. त्यांनी १.१४ दिले. तिसऱ्या गटाला रोकियाही सांगितली आणि आकडेही दिले. आपल्याला वाटेल की या गटानं सर्वांत जास्त दिलं असेल. त्यांनी दिले १.४३. आकडे शेजारी येऊन बसले आणि रोकिया लहान झाली.

आता तुमच्या बैठकीतला पडदा डोळ्यांसमोर आणा. बापाच्या चित्राखालून पट्टी सरकत असते: मृतांचा आकडा इतक्या हजारांवर. आपल्याला वाटतं की आकड्यानं दुःख मोठं होतं. मनात उलट घडतं.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. जानेवारी १९९१ मध्ये इराकवर बॉम्बफेक सुरू झाली तेव्हा मी तिशीला आले होते. दूरदर्शनच्या बातम्यांत बगदादचं रात्रीचं आकाश दाखवायचे. हिरवट अंधारात ठिणग्यांच्या माळा वर चढताना दिसायच्या. शेजारच्या काकूंकडे आम्ही आठ-दहा जण दाटीवाटीनं बसून बघायचो. मी तेव्हा मोठ्यानं म्हटलं होतं, "दिवाळीसारखं दिसतंय." कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. विमानातल्या कॅमेऱ्यानं टिपलेली चित्रंही यायची: चौकोनात एक इमारत, मधोमध फुली, मग पांढरा ढग. किती अचूक, किती स्वच्छ, असं सगळे म्हणत. प्रत्यक्षात त्या युद्धात टाकलेल्या बॉम्बपैकी नेम धरून सोडता येणारे दहातला एकसुद्धा नव्हते. आणि नेम अचूक लागला म्हणून तरी काय? १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे बगदादच्या अमिरिया भागातल्या आसऱ्यावर दोन बॉम्ब अगदी नेमके पडले. आत चारशेहून जास्त माणसं होरपळून गेली. बहुतेक बायका आणि मुलं होती, रात्री सुरक्षित झोपावं म्हणून आलेली. हे मी पुष्कळ नंतर वाचलं. वाचलं तेव्हा मला काकूंची बैठक आठवली, माझं वाक्य आठवलं. आजही आठवतं.

त्या वाक्याची मला लाज वाटते, पण तेव्हा मी दुष्ट नव्हते. मला युद्ध वरून दाखवलं गेलं होतं, बॉम्ब टाकणाऱ्याच्या डोळ्यांनी. वरून माणूस दिसतच नाही, इमारत दिसते. जे दिसलं त्याला साजेसं मी बोलले. तुमच्या घरातल्या वाहिनीवर आज जे ॲनिमेशन चालतं, क्षेपणास्त्राची लाल रेघ एका देशातून निघून दुसऱ्या देशात फुटते, ते त्याच चौकोनाचं नातवंड आहे.

तुमच्या रडण्याबद्दल. ७ मे २०२५ च्या त्या संध्याकाळी ग्वाल्हेरात दिवे गेले तेव्हा मीही घरात अंधारात बसले होते आणि माझे हात गार पडले होते. सायरन ऐकून तुम्ही रडलात त्यात स्वार्थ शोधू नका. ज्या आईचं पोर शेजारच्या खोलीत अभ्यास करतंय तिला आधी त्याचीच भीती वाटणार. आधी जवळचं आणि मग लांबचं, हा मनाचा क्रमच आहे, कुठल्याही संतानं तो पूर्ण पुसलेला नाही. मला त्या दिवसांतली वेगळीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. वाहिन्या त्या वेळी बातम्यांमध्ये हवाई हल्ल्याचे सायरन वाजवत होत्या, तासन्तास, नुसता थरार वाढावा म्हणून. शेवटी गृह मंत्रालयाच्या नागरी संरक्षण विभागाला सूचना काढावी लागली की कार्यक्रमांत सायरनचा आवाज वापरू नका, जनजागृतीपुरताच वापरा. कारणही त्यांनी लिहिलं होतं. हा आवाज सारखा कानावर पडला तर लोकांची त्याबद्दलची जाणीव बोथट होईल, आणि खरा हल्ला झाला तर तेही नेहमीचंच वाटेल.

म्हणजे तुमचा मुलगा म्हणतो ते "रोजचंच आहे" सरकारी कागदावर धोका म्हणून नोंदलं गेलं आहे. फरक एवढाच की सायरनबद्दल कुणाला तरी काळजी वाटली. त्या बापाच्या चेहऱ्याबद्दल अशी सूचना कुणी काढत नाही.

मग चित्रं दाखवूच नयेत का? नाही, मी त्या बाजूची नाही. न दाखवल्यानं येणारी उदासीनता याहून वाईट असते, कारण तिचा पत्ताही लागत नाही. १९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली आणि जगातले बहुतेक कॅमेरे तेव्हा दुसरीकडे होते. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे, एक कोटीहून जास्त माणसांना घर सोडावं लागलं, आणि आबांच्या टीव्हीवर दिवसभरात सुदान किती वेळा येतं ते तुम्हीच बघा. कुणासाठी हळहळायचं ते वाहिनी ठरवते, आणि आपण मात्र मनाला विचारतो की तुला अमक्याचं का वाटलं नाही.

आणखी एक. जी चित्रं आपल्यापर्यंत येतात ती कुणीतरी जिवावर उदार होऊन काढलेली असतात. गाझात ऑक्टोबर २०२३ नंतर दोन वर्षं परदेशी पत्रकारांना सैन्याच्या सोबतीशिवाय जाऊच दिलं नाही. तिथलं जे काही जगानं पाहिलं त्यातलं बहुतेक तिथल्याच पत्रकारांनी टिपलं, स्वतः उपाशी राहून, स्वतःची माणसं पुरून. त्यातले कितीतरी मारले गेले. ते चित्र पोळी वाढताना पाठीमागे चालू राहावं म्हणून त्यांनी काढलेलं नव्हतं. हे मी तुम्हाला टोचायला सांगत नाही. जेवताना टीव्ही बंद करा, असं मी पुढे सांगणार आहे, त्याचं कारण हे आहे. मनाचं आरोग्य वगैरे त्यानंतर.

एक चित्र काय करू शकतं तेही बघा. २ सप्टेंबर २०१५ ला तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर ॲलन कुर्दी या सीरियातल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाचा देह वाहून आला. लाल सदरा, निळी चड्डी, पायात बूट. तो फोटो जगभर गेला. सीरियात तोवर लाखो माणसं मेली होती आणि त्या आकड्यांनी जे झालं नव्हतं ते एका मुलानं केलं. स्वीडनच्या रेडक्रॉसनं सीरियाई निर्वासितांसाठी उघडलेल्या निधीत त्या आठवड्यात रोजच्या देणग्यांची संख्या आधीपेक्षा शंभरपट झाली. काही आठवड्यांत ती ओसरलीही. इथपर्यंत ऐकलं की लोक म्हणतात, बघा, चार दिवसांचं नाटक. पण हे आकडे ज्या अभ्यासात आहेत, त्यातच पुढची एक ओळ आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. दर महिन्याला ठरावीक रक्कम देऊ म्हणणारे त्या महिन्यात दहापट वाढले, आणि त्यांतल्या जवळपास कुणीही पुढच्या काही महिन्यांत ते बंद केलं नाही. उमाळा गेला, पण ज्यांनी त्या उमाळ्याला लगेच काहीतरी काम लावून दिलं त्यांचं काम राहिलं.

तुमच्या घरी त्या रात्री हेच नव्हतं. बघायचं, आणि मग काय? करण्यासारखं काहीच समोर नाही. अशी दृश्यं मन दहा वेळा घेतं, पन्नास वेळा घेतं, मग हात आखडतं. हाताला घट्टा पडतो तसा मनाला पडतो, आणि घट्टा पडलेला हात मेलेला नसतो.

आता मुलगा. त्याला समोर बसवून बघायला लावू नका. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जबरदस्तीनं प्रेतं दाखवून करुणा येत नाही. तो एक तर आतून घाबरेल, नाहीतर तुम्हाला दाखवायला चेहरा करेल. त्याच्या अंगठ्यालाही नावं ठेवू नका. अंगठ्यानं सरकवणं हा त्याचा बचाव आहे, कारण त्याच्या मोबाइलवर ते चित्र क्रिकेट आणि विनोद यांच्या मध्ये कुठेतरी, न विचारता येऊन पडतं. शिवाय त्याच्या पिढीला एक रोग आपल्यापेक्षा जास्त जडला आहे, तो म्हणजे शंका. मे २०२५ मध्ये एका व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून फिरली. कराचीचं बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी मोठमोठ्या वाहिन्यांवर रात्रभर चालली. मुलांनी हे पाहिलं आहे. एकदा दोनदा फसल्यावर "खरं असेल कशावरून" असं म्हणणं सोपं होतं, आणि तसं म्हटलं की काही वाटून घ्यायची जबाबदारीच संपते.

त्याला एकच विचारा, रागावून नाही, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून: "रोजचंच आहे म्हणालास. कुणाचं रोजचं?" आणि उत्तराची घाई करू नका. दोन दिवसांनी आलं तरी येऊ दे.

मग त्याच्याबरोबर एक ठिकाण निवडा. एकच. सुदान घ्या, युक्रेन घ्या, गाझा घ्या, म्यानमार घ्या, तो म्हणेल ते. शाळेचा नकाशा काढा, ते शहर कुठं आहे ते शोधा, तिथं लोक काय खातात, नदी कोणती, भांडण कशावरून सुरू झालं ते वाचा. महिनाभर तेवढंच. आठवड्यातून दोन वेळा, अर्धा तास, वाचून. व्हिडिओ नकोत. तुम्ही शिक्षिका आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. बाकीच्या जगाचं काय, असं मनात येईल. बाकीच्या जगाला सध्या तुमच्या लक्षातले दहा सेकंद मिळतात आणि ते कुणाच्याच कामी येत नाहीत. पानिपतावरून जखमी महादजी शिंद्यांना राणेखान भिस्त्यानं आपल्या बैलावर घालून आणलं, ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो एका जखमीपाशी थांबला. त्या मैदानावर सगळीकडे बघत उभा राहिला असता तर महादजी वाचले नसते, आणि तुमचं-माझं लश्करही आज ज्या रूपात आहे तसं नसतं.

त्या ठिकाणासाठी काहीतरी बांधून घ्या. दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये, ज्या संस्थेचे हिशेब तुम्ही दोघांनी मिळून तपासले तिला. मुलाकडूनच तपासून घ्या, त्याला ते आवडेल. पैशानं युद्ध थांबणार नाही, हे त्याला खरं खरं सांगा. तरी पहिल्या तारखेला ते जातील, आणि त्या दिवशी घरात त्या गावाचं नाव निघेल.

टीव्हीवर रागावण्यापेक्षा तक्रार करा. २०२१ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क सुधारणा नियमांत तशी सोय आहे, पण फार थोडे लोक वापरतात. वाहिनीकडे लेखी तक्रार केली की तिनं चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय. तो पटला नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सभासद आहे तिथं अपील करता येतं. तक्रारीत कार्यक्रम, तारीख आणि वेळ नेमकी हवी, म्हणून टीव्हीजवळ एक वही ठेवा. जखमी मुलाच्या चेहऱ्यावर ढोल-ताशाचं संगीत लावलं, मृतदेह पुन्हा पुन्हा फिरवून दाखवला, जुनं चित्र आजचं म्हणून दिलं, असं काही दिसलं की टिपा.

राहिले आबा. त्यांच्यावर मला अजिबात राग नाही, आणि तुमच्या पत्रातही तो दिसला नाही याचं बरं वाटलं. सासूबाई गेल्यावर त्या घरात दिवसभर बोलणारं कोण उरलं? टीव्ही बोलतो. म्हणून "आबा, आवाज कमी करा" असं म्हणून चालणार नाही, टीव्हीची जागा दुसऱ्या आवाजानं भरावी लागेल. त्यांना भीतीही वाटत असणार. २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले, त्यानंतर अमेरिकेत हजारो लोकांची पाहणी झाली. पहिल्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ ज्यांनी त्या बातम्या पाहिल्या, त्यांच्यावरचा ताण प्रत्यक्ष त्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त निघाला. आबा तर त्याहून जास्त बघतात, आणि वर्षानुवर्षं. जास्त बघणाऱ्याला जास्त कळवळा असतो असं नाही. त्याच्या वाट्याला बहुतेक भीतीच येते, आणि रात्रीची झोप जाते. ते नीट झोपतात का, हे हळूच बघा.

१९७१ मध्ये मी दहा वर्षांची होते. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी आग्र्याच्या तळावर पाकिस्तानी विमानांनी बॉम्ब टाकले, आणि आग्रा आपल्यापासून फार तर सव्वाशे किलोमीटर. ताजमहालावर कापड घातल्याचं मोठी माणसं सांगत होती. बाबांनी खिडक्यांच्या काचांना खळीनं काळा कागद चिकटवला, अजून त्या खळीचा वास नाकात आहे. बातम्या रेडिओवर यायच्या, ठरलेल्या वेळी. घर गोळा व्हायचं, ऐकायचं, रेडिओ बंद व्हायचा. मग आजी देवापुढे बसायची आणि म्हणायची, "त्यांचीही कुणाची तरी लेकरंच असतील." कुणी वाद घालायचं नाही. माझ्या आजीचं काळीज तुमच्यापेक्षा मोठं होतं असं मी म्हणणार नाही. तिला दोन बातम्यांच्या मध्ये तीन-चार तास मिळायचे, ऐकलेलं मनात उतरायला आणि ते वाक्य सुचायला. तुम्हाला त्या बापानंतर दुसरी बातमी यायच्या आत तीन सेकंदही मिळाले नाहीत.

म्हणून बातम्यांची वेळ ठरवा. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, आबांच्या सोयीनं. त्या वेळी तुम्हीही शेजारी बसा, हातात भाजी निवडायला घेऊ नका. संपल्यावर बंद, आणि पाच मिनिटं तिथंच बसून जे पाहिलं त्याबद्दल बोला. जेवताना बंदच. हे तुमच्या नवऱ्यानं आबांना सांगावं, तुम्ही नव्हे. आणि पहिल्या आठवड्यात त्या रिकाम्या वेळात नातवाला त्यांच्याजवळ बसवा.

त्याच्याकडे विषय आयता आहे. आबा १९७१ मध्ये वीस-एकवीस वर्षांचे असणार. आग्र्यावर बॉम्ब पडले त्या रात्री ते कुठं होते, कुणाबरोबर होते, खिडक्यांना काय लावलं होतं, हे त्यानं विचारावं आणि लिहून घ्यावं. आबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी काय सांगितलं ते मला कळवाल का?